कुणी कुणाला चुना लावला?

आम्ल, आम्लारी आणि क्षार! नुसतं नाव वाचलं तरी शाळेच्या लॅबमधला तो ओलसर, तिखट वास नाकात शिरला की नाही? आम्ल निळा लिटमस तांबडा करतं, आम्लारी तांबडा लिटमस निळा करतो, दोघं एकत्र आले की क्षार आणि पाणी. ‘फरक स्पष्ट करा’ला हमखास यायचं. आपण पाठ केलं, ओकलं, मार्क मिळवले आणि विसरलो. पुढे कुणी कोडिंगमध्ये गेलं, कुणी बँकेत, कुणी एचआरमध्ये. फिनॉल्फ्थॅलिन हा शब्द त्यानंतर कुणी उच्चारला असेल तर शपथ!

पण एक माणूस असा आहे, ज्याच्या धंद्यात हा धडा रोज लागतो. तो कदाचित दहावी पाससुद्धा नसेल. तुम्ही त्याला पानटपरीवाला म्हणता. चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्याच्या दुकानाला ‘पानठेला’ म्हणतात.

‘का भाऊ, एक घोटून दे ना. चुना कमी टाकजो.’

‘कमी टाकला तं किक नाही बसत ना भाऊ!’

बस्स, आजचा सगळा कॉलम या दोन वाक्यांवर आहे. चुना कमी पडला तर किक बसत नाही, हे त्या ठेलेवाल्याला अनुभवानं ठाऊक आहे. का बसत नाही, ते मात्र आपल्या पुस्तकात होतं. गंमत म्हणजे पुस्तकानं कधी ठेल्याचं नाव घेतलं नाही.

आता पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी छोटासा ब्रेक. हा पदार्थ म्हणजे खर्रा. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. हे तिन्ही एका पन्नीत घालून हातानं रगडायचं, म्हणजेच ‘घोटायचं’. चुना सगळीकडे सारखा लागला की पुडी तयार. नागपूरपासून खाली सिरोंच्यापर्यंत हा विदर्भाचा राष्ट्रीय पदार्थच म्हणा. तुमच्याकडचा मावा हा त्याचा सख्खा भाऊ, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. आणि तुमच्या ऑफिसात एखादा तरी चंद्रपूरवाला, ब्रह्मपुरीवाला किंवा वडसावाला असेलच. दिवाळीहून परत येताना त्याच्या बॅगेत आईनं दिलेल्या चिवड्याच्या खाली काय असतं, ते एकदा विचारून बघा.

आधी आम्लाचं बघू, कारण ते सोपं आणि चविष्ट आहे. आंबट लागतं ते आम्ल. चिंच, कैरी, अंबाडीची भाजी, ताक. या जंगलपट्ट्यात तर आम्लाची एक भन्नाट व्हरायटी आहे. भामरागडच्या बाजूला माडिया लोक झाडावरच्या लाल मुंग्यांची चटणी करतात. आंबट, झणझणीत. ती आंबट चव फॉर्मिक आम्लाची. या आम्लाचं नावच मुळी लॅटिनमधल्या ‘फॉर्मिका’ म्हणजे मुंगी या शब्दावरून पडलं. १६७१ मध्ये जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं खूप साऱ्या मेलेल्या मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून ते वेगळं काढल्याची नोंद आहे. शाळेत ‘मुंगी चावल्यावर आग का होते?’ याचं उत्तर आपण फॉर्मिक आम्ल असं लिहायचो. भामरागडचं पोरगं त्याच आम्लाबरोबर भात खातं. पुस्तकात ही चटणी असती तर धडा जास्त लक्षात राहिला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे आम्लं आपण मजेत खातो. आम्लारी कोण खातं? आम्लारी चवीला कडवट, बोटांना बुळबुळीत. साबण, वॉशिंग सोडा, कॉस्टिक सोडा, ही सगळी त्याच खानदानातली मंडळी. शब्दाची फोड करा. आम्ल अधिक अरी. अरी म्हणजे शत्रू. आम्लाचा शत्रू तो आम्लारी. त्यातला जो पाण्यात विरघळतो तो अल्क.

या भागात आम्लारीची ताकद बघायची तर बल्लारपूर. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची तिथली पेपर मिल. इथल्या जंगलातला बांबू या मिलनं वर्षानुवर्षं गिळला. लाकूड किंवा बांबूचा लगदा करायच्या क्राफ्ट पद्धतीत बारीक तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवतात. बांबूसारख्या चिवट गोष्टीतला धागे चिकटवून ठेवणारा लिग्निन त्यात विरघळून जातो आणि उरतो मऊ लगदा. वापरलेला सोडा परत मिळवायला या पद्धतीत काय लागतं माहितीये? चुना! म्हणजे बांबूला नरम करणाऱ्या आम्लारीची रिचार्ज व्हाउचर चुन्याकडे. मग विचार करा, गालाच्या आतली त्वचा त्या बांबूपेक्षा किती नाजूक असते.

तर आपण मुद्दाम, स्वतःच्या हातानं, रोज तोंडात ठेवतो असा कडक आम्लारी एकच. चुना. रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू साधारण १२.४. सामू म्हणजे तोच तो पीएच. ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी. आणि लक्षात ठेवायची मेन गोष्ट अशी, की एक आकडा वर गेला म्हणजे एकानं वाढ झाली असं नाही, ती दहापट झाली. अप्रेझलमध्ये एक रेटिंग वर जाण्यासारखं नाही हे. पगार दहापट झाल्यासारखं आहे!

चुनखडी या मुलखाला नवी नाही. राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांच्या पोटात तिचे मोठे साठे आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घूस या नावांपुढे लोक आपोआप ‘सिमेंट’ लावतात ते त्यामुळेच. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापवली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून उरतो ५६ किलो कळीचा चुना, बाकीचे ४४ किलो हवेत. या कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, वाफा सोडतो, फुगतो. जुन्या घरांची कामं बघितलेल्यांना ते आठवत असेल. ही चुन्याची विरी. विरलेला चुना म्हणजेच पानातला, तंबाखूतला चुना. हौदात उडालेला चुना डोळ्यात जाऊन डोळा गमावल्याच्या गोष्टी गावाकडे ऐकायला मिळतात. तोच चुना, फक्त डबी छोटी.

लिटमस नसेल तर घरची टेस्ट. चिमूटभर हळद, दोन थेंब पाणी, त्यात बोटाच्या टोकावरचा चुना. पिवळ्याचा क्षणात लाल. पारंपरिक पद्धतीनं कुंकू करतात ते याच युक्तीनं. चंद्रपूरकडे दुसरा दर्शकही झाडाला लटकलेला मिळतो. होळीच्या सुमाराला जंगल पेटल्यासारखं दिसतं तो पळस. पळसफुलांच्या पिवळसर पाण्यात थोडा चुना पडला की रंग गडद केशरी होतो. आजी लोकांना रंग पक्का कसा करायचा हे माहीत होतं. ‘दर्शक’ हा शब्द माहीत नव्हता, इतकंच.

आता मेन पिक्चर.

तंबाखूतलं निकोटिन हे स्वतःच एक आम्लारी आहे. १८२८ मध्ये हायडेलबर्गच्या पॉसेल्ट आणि रायमन या दोघांनी ते तंबाखूतून वेगळं काढलं. या जातीच्या पदार्थांना अल्कलॉइड म्हणतात, म्हणजे ‘अल्कासारखं’. पण पानात निकोटिन एकटं नसतं. तंबाखूच्या पानात मॅलिक, सायट्रिक अशी आम्लं असतात. आम्ल अधिक आम्लारी म्हणजे काय? शाब्बास, क्षार! पानातलं बहुतेक निकोटिन असं क्षाराच्या रूपात गुंतलेलं असतं. त्याच्यावर विद्युतभार असतो.

आणि गालाच्या आतलं अस्तर म्हणजे तुमच्या आयटी पार्कचं गेट. पेशींचं आवरण तेलकट असतं. भार असलेला रेणू आला की सिक्युरिटी अडवते, ‘सर, कार्ड दाखवा’. भार नसलेला रेणू मात्र व्हीआयपी गाडीसारखा सुसाट आत. निकोटिनला आत घुसायचं तर त्याचा भार उतरवणारं कुणीतरी हवं. ते काम चुना करतो. ताकदवान आम्लारी आला की तो कमजोर आम्लारीला क्षारातून हुसकावून लावतो आणि स्वतः आम्लाशी संसार थाटतो. निकोटिन मोकळं.

किती मोकळं? सामू ६ असेल तर १०० मधलं फक्त १ निकोटिन मोकळं असतं. ७ ला साधारण ९. ८ ला जवळजवळ निम्मं. आणि ९ ला तब्बल ९०! आपली लाळ ७ च्या आगेमागे असते. चुना घोटलेल्या तंबाखूनं तोंडातला सामू ८-९ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे तंबाखू तीच, तेवढीच, पण रक्तात पोचणारा माल कित्येक पट. ठेलेवाला ‘किक’ म्हणाला ती ही. पुस्तकात तिला ‘क्षारातून दुर्बल आम्लारी मुक्त होणे’ असं काहीतरी म्हणतील आणि झोप येईल.

मग लोक तो गिळत का नाहीत, गालात का धरून ठेवतात? पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, सामू १ ते २. तिथे निकोटिन पुन्हा भारित होतं आणि अडकतं. पुढे आतड्यातून जे शिरतं त्यातलं बरंचसं यकृत वाटेतच मोडून टाकतं. गाल हाच शॉर्टकट. कुठलाही धडा न वाचता माणसानं हे शोधून काढलं आणि एकाच ठिकाणी नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात लोक कोकाची पानं चघळताना सोबत चुना किंवा राख घेतात. हजारो किलोमीटरचं अंतर, दुसरं झाड, दुसरा अल्कलॉइड... फंडा सेम.

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, चला, मग मी चुना कमी करतो, झालं. सॉरी बॉस. निकोटिन कमी मिळालं की मेंदू गप्प बसत नाही, पुड्या वाढतात. आणि दुसरं, खर्ऱ्यातला मोठा वाटा तंबाखूचा नाहीच. सुपारीचा आहे.

सुपारीत आपला अल्कलॉइड आहे, अरेकोलिन. खाल्ल्यावर कानशिलं गरम होतात, घाम येतो, तरतरी वाटते, ते याचं काम. चुन्याच्या संगतीत अरेकोलिनचं रूपांतर अरेकायडिनमध्ये होतं. शिवाय चुन्यामुळे सुपारीतल्या पॉलिफेनॉल्सपासून पेशींना ओरबाडणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात. या सगळ्याचा रोजचा मारा गालाच्या एकाच कोपऱ्यावर. शरीर काय करतं? जखम भरून काढायला कोलॅजेनचे धागे विणतं. विणतच राहतं. मऊ, लवचिक गाल आतून दोरखंडासारखा कडक होत जातो. तिखट लागलं की आग. मग जांभई देताना जबडा अडकल्यासारखा. मग वडापाव उभा धरून चावता येत नाही, तुकडे करून आत सारावा लागतो.

या आजाराचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवर लिहिताना ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव वापरलं. म्हणजे या आजाराच्या बारशाला एक मराठी माणूस हजर होता. अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट नाही, पण नोंद असावी. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. तेरामागे एक. तुमच्या टीममध्ये किती जण आहेत?

‘मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी’ हा डायलॉग मारणाऱ्यांसाठी खास सूचना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू घातलेलं पान, तंबाखू नसलेलं पान आणि नुसती सुपारी, तिन्ही पहिल्या गटात टाकली. पहिला गट म्हणजे ‘माणसात कॅन्सर करतं, शंका नाही’.

आणि हो, कॅल्शियम! ‘चुन्यानं हाडं मजबूत होतात’ हे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. चुन्यात कॅल्शियम आहे, हे खरं. पण कॅल्शियमसाठी खर्रा खाणं म्हणजे पाण्यासाठी दारू पिण्यासारखं आहे. केमिस्टकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या मिळतात. रसायन म्हणून बघाल तर चुनखडीच ती, जिवतीच्या डोंगरातली असते तशीच. खा आणि गप्प बसा.

आता बाल्कनीत सिगरेट ओढत हे वाचणाऱ्यांकडे वळतो. हसू नका. तुमचंही गणित सामूचंच आहे. सिगरेटचा धूर थोडा आम्लधर्मी असतो. त्यामुळे त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही आणि धूर छातीत खोल ओढावा लागतो. तिथे पृष्ठभाग अवाढव्य, काम काही सेकंदांत फत्ते. सिगारचा धूर आम्लारिधर्मी, म्हणून तो तोंडातूनच शोषला जातो. खर्रा गाल खातो, सिगरेट फुप्फुस. निवड आम्लाची की आम्लारीची, एवढाच फरक.

उरला क्षार. तोही सोडला नाही कुणी. व्हेपमध्ये मोकळं निकोटिन जास्त टाकलं की घशाला झोंबतं. मग २०१५ च्या सुमाराला अमेरिकेत एक आयडिया आली. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घालायचं. आम्ल अधिक आम्लारी... बरोब्बर! ‘निकोटिन सॉल्ट’. झोंबणं कमी, त्यामुळे डोस वाढवता येतो आणि कॉलेजातली पोरं सहज ओढू शकतात. भारतात २०१९ मध्ये ई-सिगरेटवर बंदी आली. पण बघा ना, चंद्रपूरच्या ठेलेवाल्यानं आम्लारी टाकून जे साधलं तेच कॅलिफोर्नियाच्या इंजिनीअरांनी आम्ल टाकून साधलं. आपण धडा पाठ केला, या दोघांनी वापरला.

बंदीचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्राचा हिशेब. २००२ मध्ये राज्यानं गुटख्यावर पहिल्यांदा बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा घातली आणि पुढच्या आदेशांत खर्रा, मावाही आला. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा केंद्राचा कायदा तर २००३ पासूनचा. गुटख्याला कारखाना असतो, छाप असतो, ट्रक असतो. पकडायला काहीतरी मिळतं. खर्ऱ्याला काय? सुपारी वेगळी, तंबाखू वेगळी, चुना वेगळा. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की एका मिनिटात तीन पदार्थांचा एक गुन्हा तयार होतो आणि पुढच्या मिनिटाला तो गिऱ्हाइकाच्या गालात असतो. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातली ३.८ टक्के प्रौढ माणसं धूम्रपान करणारी निघाली. चघळणारी, लावणारी किती? २४.४ टक्के. पुरुषांत ३१.७, स्त्रियांत १६.६. आपल्या सिनेमांत हिरो सिगरेट ओढतो म्हणून पट्टी येते खाली. आपलं राज्य मात्र गालात धरतं.

गडचिरोलीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. बहुतांश जंगल. दारूबंदी १९९३ पासून, तीही लोकांच्या चळवळीतून. (शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.) डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था इथे १९८०च्या दशकापासून काम करते. नवजात बाळांवरच्या कामामुळे ती जगभर माहीत झाली. २०१६ पासून याच संस्थेच्या पुढाकारानं आणि सरकारच्या साथीनं ‘मुक्तिपथ’ सुरू झालं. गावानं एकत्र बसायचं, दारू-तंबाखू गावात विकायची नाही असं ठरवायचं आणि ज्यांना सोडायचंय त्यांना उपचार मिळवून द्यायचे, असा त्याचा गाभा. बाहेरून कुणी पोस्टर लावून जाण्यापेक्षा हे अवघड काम, कारण खर्रा ही तिथे नुसती सवय नाही. तो पाहुणचार आहे. दिवसभराच्या कामात भूक मारायचं साधन आहे. पुडी पुढे केली आणि नको म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. तुमच्या ऑफिसातल्या ‘चल, एक सुट्टा मारून येऊ’ला नाही म्हणताना जे होतं तेच, फक्त तिथे समोर मामा असतो.

आणि एक विचित्र गाठ. उन्हाळ्यात या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. भल्या पहाटे बाया-पोरं जंगलात शिरतात, पानं तोडतात, मोजून पुडे बांधतात. अनेक घरांसाठी वर्षातली रोख रकमेची मोठी आवक ती हीच. अनेक ग्रामसभा आता स्वतः हा व्यवहार करतात आणि त्याचं कौतुकच करायला हवं. पण तेंदूचं पान जातं बिडीला. म्हणजे तंबाखूच पैसे देते आणि तंबाखूच ते ठेल्यावर परत घेते. यावर सोपं उत्तर असणाऱ्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही.

बरं, आता तुमच्यासाठी होमवर्क. लंच अवरमध्ये वॉशरूमच्या आरशासमोर जा. हात स्वच्छ धुवा. स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून तोंडात पुढच्या दातांमध्ये घालून बघा. गेली? ठीक. दोनच जात असतील किंवा गालात आतून पांढरट पट्टे, कडक दोऱ्या हाताला लागत असतील, तिखट खाताना आग होत असेल, तर हा कॉलम खाली ठेवा आणि डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्या. ‘वीकेंडला बघू’ नको. कडक झालेला गाल पूर्वीसारखा मऊ करून देणारं औषध नाही. पण पुढचं कडक होणं थांबवता येतं आणि कॅन्सर असेलच तर लवकर सापडणं म्हणजे अर्धी लढाई.

सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच. फोन करताना लाजू नका, पलीकडच्या माणसानं रोज हेच ऐकलेलं असतं. निकोटिनची च्युइंगम हाही एक मार्ग, डॉक्टरांशी बोलून. (सुपारीची तलफ मात्र ती भागवत नाही, तिच्याशी वेगळं लढावं लागतं.) त्या गमच्या पाकिटावर घटकांची यादी वाचा. बहुतेकदा सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट दिसेल. ओळखलंत? आम्लारी! गालात सामू वाढावा आणि निकोटिन नीट शोषलं जावं म्हणूनच तो घातलेला असतो. ठेल्यावरची युक्ती, पण चुना आणि सुपारी वगळून, मोजून-मापून, हळूहळू कमी करत नेण्यासाठी. आणि म्हणूनच गम चघळताना आणि त्याआधीची १५ मिनिटं कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूसरबत बंद. ही सगळी आम्लधर्मी मंडळी आहेत. ती तोंडातला सामू खाली ओढतात, निकोटिन पुन्हा क्षारात अडकतं, गमचा उपयोग होत नाही आणि माणूस म्हणतो, ‘काही फायदा नाही यार, एक पुडी आण’. तेव्हा मशीनची कॉफी आधी पिऊन घ्या, मग घड्याळात १५ मिनिटं, मग गम.